‘गॅस’ म्हणण्याआधी : प्रस्तावना

चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या बाजारात कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहा. ‘डोकं गरगरून रायलं, काहीतरी द्या’ आणि ‘छातीत भारी वाटते, गॅस झाला असंल’ ही दोन वाक्यं ऐकू येणारच. दोघांनाही गोळी मिळते. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, आणि त्यातले कितीतरी गोळी न घेताही बरे झाले असते. अडचण आहे ती उरलेल्यांची. त्यांचं दुखणंही सुरुवातीला अगदी असंच असतं : सौम्य, नेमकं सांगता न येणारं, त्यासाठी डॉक्टरकडे जायला संकोच वाटावा इतकं किरकोळ.

हे पुस्तक या दोन तक्रारींविषयी आहे. हृदयविकारावर मराठीत पुस्तकांची वाण नाही, पण ती बहुधा निदान झाल्यानंतरची असतात. झटका येऊन गेला, अँजिओग्राफी झाली, आता तेल किती खायचं, इथून त्यांची सुरुवात. त्याच्या आधीचा जो काळ असतो, जेव्हा माणूस स्वतःशीच ‘हे काय होतंय’ म्हणत असतो आणि घरचे ‘लिंबूपाणी घ्या, पडा जरा’ म्हणत असतात, त्या काळासाठी फारसं कुणी लिहिलेलं नाही. या पुस्तकाच्या लेखकाने तोच काळ निवडला आहे, आणि थोडे अपवाद सोडले तर तो वाचकाला दवाखान्याच्या दारापर्यंत आणून तिथेच थांबतो.

तक्रारी अर्थातच जुन्या आहेत. चरकाने हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मूर्च्छा आणि भ्रम एकाच अध्यायात येतात, पण वेगवेगळे मोजले जातात; शुद्ध हरपणं निराळं, गरगरणं निराळं. आजच्या तपासणीतही पहिला फरक हाच करावा लागतो. युरोपात १७६८ साली विल्यम हेबरडन या लंडनच्या डॉक्टरने एका विशिष्ट छातीदुखीचं वर्णन आपल्या सहव्यावसायिकांसमोर वाचलं. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं. थांबलं की ते जातं. त्याच्या हाती स्टेथोस्कोपही नव्हता, तो १८१६चा. ईसीजी यायला तर विसावं शतक उजाडायचं होतं. केवळ रुग्णांचं बोलणं नीट ऐकून त्याने जे टिपलं, ते आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जवळजवळ तसंच शिकवतात.

ही वेदना हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमुळे होते, हे मात्र हेबरडनला उमगलं नव्हतं. ते एडवर्ड जेन्नरच्या लक्षात आलं. तोच, देवीच्या लशीचा जेन्नर. आपले गुरू जॉन हंटर यांना हाच विकार आहे हे ओळखून त्याने ती गोष्ट उघड बोलणं टाळलं. १७९३ मध्ये हंटर रुग्णालयाच्या बैठकीत वाद चालू असतानाच कोसळले आणि शवविच्छेदनात शिष्याचा अंदाज खरा निघाला. रुग्णाला घाबरवू नये म्हणून गप्प बसायचं की सावध करायचं, हा पेच तेव्हापासूनचा. या पुस्तकाच्या लेखकालाही तो पानोपानी पडलेला दिसतो.

चक्करेचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गरगरणं म्हणजे मेंदूत रक्त साचणं असा समज होता आणि त्यावर उपाय म्हणून रक्त काढलं जाई. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएरने १८६१ मध्ये दाखवून दिलं की दोष आतल्या कानातही असू शकतो. पुढे रॉबर्ट बारानीने कानात कोमट आणि गार पाणी सोडून तोल कसा बिघडतो ते अभ्यासलं. १९१४च्या नोबेल पारितोषिकाची बातमी त्याला मिळाली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी एक साधी तपासणी रूढ केली. रुग्णाला बसलेल्या स्थितीतून मान वळवून झटकन आडवं करायचं आणि डोळे कसे थरथरतात ते पाहायचं. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण आपली जागा सोडून दुसऱ्या नळीत गेले, की कूस बदलताना काही सेकंद घर फिरतं. अमेरिकेतल्या जॉन एप्लीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर आणण्याची रीत शोधली. पाच-दहा मिनिटांचं काम, औषध शून्य. तरीही अशा रुग्णांना आपल्याकडे वर्षानुवर्षं चक्करेच्या गोळ्या चालू राहतात आणि मानेचे एक्स-रे काढले जातात. ‘मानेचा मणका झिजलाय’ हे चक्करेचं आपल्याकडचं सर्वांत लोकप्रिय निदान आहे. मणका चाळिशीनंतर बहुतेकांचा थोडाफार झिजलेला असतोच, त्यामुळे एक्स-रे कुणालाच निराश करत नाही.

कान आणि हृदय यांच्या जोडीला तिसरा दावेदार आला तो मन. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये धडधड, छातीत दुखणं आणि चक्कर अशा तक्रारी एकत्र दिसत आणि हृदय तपासावं तर धड निघे. जेकब द कोस्टाने १८७१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. यात काल्पनिक काही नाही. भीतीने श्वास जलद आणि उथळ झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडचा रक्तप्रवाह थोडा आखडतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. त्रास खराच असतो, फक्त त्याचं कारण रक्तवाहिनीत नसतं. माझी तक्रार एवढीच की हे निदान आपल्याकडे बायकांना फार लवकर चिकटवलं जातं. पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या बाईला जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटतं, घाम फुटतो, दम लागतो, छातीत कळ अशी येतच नाही. तिला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं जातं. हृदयविकार बायकांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये असा आडवाटेने येऊ शकतो, हे पुरुष रुग्णांच्या वर्णनांवर पोसलेल्या वैद्यकाला उशिरा कळलं.

या तीन पंथांच्या ओढाताणीत १९७२ मध्ये ड्रॅकमन आणि हार्ट यांनी चक्करेचे चार ढीग पाडले : आजूबाजूचं फिरणं, शुद्ध जाईल असं वाटणं, चालताना तोल जाणं, आणि बाकीचं सगळं. ही विभागणी कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली. अलीकडे ती मागे पडते आहे, कारण तोच रुग्ण तीच चक्कर दहा मिनिटांनी वेगळ्या शब्दांत सांगतो. आता जोर आहे तो ‘कधी, कशाने आणि किती वेळ’ यांवर. कूस बदलताना काही सेकंद येते का? उठून उभं राहिल्यावर येते का? काही न करता येऊन तासभर राहते, सोबत कानात आवाज येतो आणि ऐकू कमी येतं का? का अचानक सुरू होऊन दिवसभर थांबतच नाही आणि आधाराशिवाय उभंही राहवत नाही? पहिली बहुधा कानातल्या कणांची. दुसरीत उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरतो का, ते पाहायचं. प्रोस्टेटच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्त कमी असणं ही त्याची नेहमीची कारणं. तिसरी मेनिएरची असू शकते. चौथीत, विशेषतः बोलणं अडखळत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर लकवा समजूनच धावायचं.

इथवरचं सगळं लंडन, पॅरिस, बोस्टनच्या पुस्तकांत मिळतं. हे पुस्तक स्वतःचं होतं ते पुढच्या प्रश्नापासून. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत एकाची भर घातली : तू काम काय करतोस? घुग्घुसमध्ये बसून चक्करेवर लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळून चालणारच नाही. एका बाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी, दुसरीकडे लॉइड्स मेटल्सचा स्पंज आयर्नचा कारखाना, जवळच एसीसीचा सिमेंट कारखाना, पंचवीसेक किलोमीटरवर चंद्रपूर आणि तिथलं २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं आलं होतं. हवेतले सूक्ष्म कण फुप्फुसापुरते थांबत नाहीत, हृदयविकाराचा धोकाही वाढवतात, हे आता वादाच्या पलीकडे गेलं आहे.

पण धूर सगळ्यांना दिसतो. लेखकाचं कौशल्य न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. कोळसा हाताशी असलेल्या गावात थंडीत शेगडी घरात घेतली जाते, दार लावलं जातं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. सकाळी घरातल्या दोघातिघांचं एकदमच डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, एखाद्याच्या छातीत दाटतं. आधीच हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असलेल्या माणसाला तर तेवढ्यानेच झटका येऊ शकतो. अशा वेळी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर फसवतं. त्याला ऑक्सिजन बांधलेलं आणि मोनॉक्साइड बांधलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, म्हणून ते ९८ दाखवून मोकळं होतं. घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी चक्कर येते का, हा एक प्रश्न इथे कुठल्याही यंत्राहून मोलाचा आहे.

मग ऊन. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की पारा ४५ ओलांडतो, कधी ४७ लाही शिवतो. ओपनकास्ट खाणीत डंपरवर, कारखान्याच्या भट्टीजवळ, सिमेंटच्या पोत्यांखाली माणसं तेव्हाही कामावर असतात. त्याच दिवसांत गडचिरोलीकडच्या जंगलात तेंदूपत्त्याची तोडणी चालू असते आणि बायका पहाटेपासून वाकून पानं खुडत असतात. पाणी कमी, मीठ कमी, वाकून एकदम उभं राहणं, वरून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी : यातली चक्कर शोधायला एमआरआय लागत नाही. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून निघालं, तर तो उष्माघात आहे. मग पहिलं काम अंग गार करण्याचं. गाडी बोलवायची, पण ती येईपर्यंत पाण्याचा मारा थांबवायचा नाही.

वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. २०१७ मध्ये तिथे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चक्कर, मळमळ, छाती दाटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, तोंडाला पाणी सुटणं हा क्रम ओळखू येणारा आहे. पण ‘ऊन लागलं’ या समजुतीखाली त्यातले सुरुवातीचे मोलाचे तास निघून जातात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला पहाटे पोटात-छातीत अस्वस्थ वाटून उलटी होते, पापण्या जड होतात. ही मण्यार सापाच्या दंशाची लक्षणं असू शकतात, पण चावल्याची खूण शरीरावर बहुतेकदा सापडतही नाही. अशा नोंदी मुंबईत छापलेल्या हृदयविकाराच्या पुस्तकात नसतात. तिथे त्यांची गरजही नसते.

खर्ऱ्याबद्दल लेखक कठोर आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून तोंडात ठेवायचा हा विदर्भाचा खास शौक. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब चढतो. सुपारीतल्या द्रव्याने घाम येतो, गरगरतं, काहींची छाती आवळते. म्हणजे ‘सहज होणाऱ्या’ चक्करेचं एक कारण खिशातच असतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका न घेणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा अधिक आढळला. ‘मी सिगारेट ओढत नाही’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. म्हणजे निवृत्तीला बरीच वर्षं बाकी असताना.

आजार शरीरात जितका असतो तितकाच माणसाच्या दिवसात असतो, ही दृष्टी या भागात आयात करावी लागलेली नाही. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. इथल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा आजार आहे हे त्यांच्या सुरुवातीच्या कामातून पुढे आलं. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणं आणि दम लागणं एकत्र झालं तर ती तातडीची वेळ असते. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधी हे इथे माहीत होतं. रक्तक्षय हा त्याहून पसरलेला भाग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. जिना चढताना धडधड, उठताना अंधारी, छातीत पोकळ वाटणं हे त्यांना आजार वाटतच नाही, कारण शेजारणीलाही तसंच होतं.

डॉ. अभय बंग यांना स्वतःला ऐन चव्वेचाळिशीत हृदयविकाराने गाठलं. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यातून आलेलं पुस्तक मराठी घरांत ज्या प्रमाणात पोचलं, तसं वैद्यकावरचं दुसरं क्वचितच पोचलं असेल. सार्वजनिक आरोग्याची उच्च पदवी असलेला डॉक्टरही स्वतःच्या छातीबद्दल स्वतःची समजूत घालू शकतो, हे त्यातलं मला सर्वांत उपयोगी वाटणारं सत्य. ते पुस्तक झटक्यानंतरच्या जगण्याचं आहे. हे पुस्तक त्याच्या आधीचं, आणि बरंच कोरडं. दोन्ही एकाच कपाटात शोभतील.

हे आत्ताच का लिहावं लागलं, याचं उत्तर अंतरात आहे. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली तर दर मिनिटाला स्नायू मरत असतो. अँजिओप्लास्टीची सोय साधारण दोन तासांत गाठता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या योग्य रुग्णालयातच देऊन मग पुढे पाठवावं, अशी आजची शास्त्रीय रीत आहे. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. तरीही ‘थेट नागपूरलाच नेऊ’ म्हणून भाड्याची गाडी शोधण्यात नातेवाईक तास घालवतात, ईसीजी न काढताच निघतात. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. गडचिरोलीतल्या सिरोंचा-भामरागडकडे मात्र ‘जवळचं रुग्णालय’ हा शब्दप्रयोग ऋतूवर अवलंबून असतो, पावसाळ्यात नाले भरले की अधिकच. आणखी एक गैरसमज या गोंधळात भर घालतो : ‘ईसीजी नॉर्मल आला.’ सुरुवातीचा एक ईसीजी सरळ येऊनही झटका चालू असू शकतो. म्हणून तो काही वेळाने पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात. कागद हातात मिळाला म्हणून उठून घरी येणाऱ्यांसाठी लेखकाने या मुद्द्यावर भरपूर शाई खर्च केली आहे, आणि ती योग्य जागी आहे.

पुस्तकाची मांडणी आजारांच्या नावांवर नाही. ती प्रसंगांवर आहे : अंथरुणात, कामावर, जेवल्यावर, उन्हात, रात्रपाळीनंतर, गोळी बदलल्यावर. वाचकाने आपला प्रसंग शोधायचा. यामुळे काही गोष्टी दोनदा येतात. अ‍ॅसिडिटी तर चारपाच ठिकाणी भेटते. छातीच्या बरगड्यांच्या सांध्यांना सूज येऊन होणारं दुखणं, जे बोटाने दाबल्यावर वाढतं, तेही पुनःपुन्हा येतं. मला ही पुनरुक्ती खटकली नाही. असं पुस्तक कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. ज्या दिवशी घरात कुणाला त्रास होतो, त्या दिवशी मधूनच उघडतं.

दोन ठिकाणी माझं लेखकाशी पटत नाही. साखर उतरल्याने येणाऱ्या चक्करेला त्याने अर्धं पानच दिलं आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी कामावर जाणारी, नवरात्रात नऊ दिवस उपास धरणारी माणसं या गावात भरपूर आहेत. त्यांच्यासाठी ते पुरेसं नाही. आणि कानाच्या विकारांवरचा भाग जरा जास्तच तपशिलात गेला आहे. सामान्य वाचक तिथे दमेल. त्याने सरळ पुढे जावं, काही बिघडत नाही.

पुस्तकात घरगुती औषधांची यादी नाही, गोळ्यांची मात्रा नाही, ‘हे असेल तर हा आजार’ असे तक्तेही नाहीत. लेखकाने ते मुद्दाम टाळलं, आणि प्रकाशकाचा आग्रह असतानाही टाळलं, हे मला ठाऊक आहे. एक यादी तेवढी आहे, आणि ती मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापली आहे. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं छातीतलं जडपण, हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारं दुखणं, अस्वस्थपणासोबत थंड घाम किंवा दम, शुद्ध हरपणं, चक्करेसोबत तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा चालता न येणं. यातलं काहीही असलं, तर पुस्तक मिटायचं आणि १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत रुग्णाला चालवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, आणि त्याच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत ठेवायची.